डावीकडचं पुढचं चाक

१

चाक सापडलं ते ओढ्यात, दोन दगडांच्या बेचक्यात आडवं पडलेलं. टायर धडधाकट, हवा जशीच्या तशी. गाडी वरच्या वळणावर एका झाडाला अडकली म्हणून दरीत गेली नव्हती. पण ती चालवणाऱ्या माणसाचा उजवा पाय राहतो की जातो, हे डॉक्टर अजून सांगायला तयार नव्हते.

तो माणूस चाक्याचा दाजी होता, फिरत्या दवाखान्याच्या गाडीचा ड्रायव्हर. आणि ते चाक चाक्याने बसवलं होतं.

चाक्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण टायरचं दुकान काढल्यापासून त्याची बायकोसुद्धा त्याला तेच म्हणायची, तेव्हा आपणही तेच म्हणू. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो फिरत्या दवाखान्याच्या आवारात उभा होता आणि आपले हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. समोर मोडकी गाडी, तिच्या शेजारी ते चाक, आणि चाकाशी गुडघे टेकून बसलेल्या विम्याच्या बाई. पन्नाशीच्या, सडपातळ, पॅन्टला लागलेल्या चिखलाची जराही पर्वा नसलेल्या.

"ही भोकं अशी लांबट का झालीत?" बाईंनी विचारलं.

"चाक ढिलं होऊन खूप वेळ खडखडलं की होतात," चाक्या म्हणाला. "वाटेत कुणी नट काढले असते तर चाक पटकन निघालं असतं, भोकं गोल राहिली असती. हे चाक हळूहळू सुटत आलंय."

बोलून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला. म्हणजे कुणी घातपात केला नाही. म्हणजे नट नीट बसलेच नव्हते.

"पाचांतले चार नट कुठेतरी वाटेत पडले," बाई म्हणाल्या. "एक मात्र बोल्टवर आडवा होऊन अडकला होता. हा बघा."

त्यांच्या तळहातावर एक काळा, गंजका नट होता, टोकाला निमुळता. चाक्याने तो उलटसुलट करून पाहिला. नव्या अलॉय चाकाला असला नट कुणी शहाणा माणूस लावणार नाही. जुन्या लोखंडी चाकाचं भोक वाटीसारखं खोलगट असतं, त्यात निमुळता नट चपखल बसतो. अलॉयचं भोक सपाट, म्हणून त्याचा नटही सपाट, खाली वॉशर. आटे दोन्हींचे एकच, त्यामुळे चुकीचा नटही फिरतो, आवळला जातो, घट्ट झाल्यासारखा वाटतो. पण त्याला धरायला जागाच नसते.

"बाकीच्या तिन्ही चाकांना नवे चकचकीत नट आहेत," मागून आवाज आला. फिरत्या दवाखान्याचे व्यवस्थापक हातातल्या रुमालाची घडी घालत, उलगडत उभे होते. "आणि नेमकं या एका चाकाला जुने. सरळ आहे हो. नवे पाच नट खिशात घातले आणि जुनेच परत ठोकले. घरच्याच माणसाच्या गाडीला! याला काय म्हणायचं?"

चाक्या नाही म्हणणार, तोच त्याला आठवलं, की शेवटचं चाक लावताना बायकोचा फोन आला होता, आणि ते चाक डावीकडचं पुढचंच होतं.

२

विम्याच्या बाई त्याच्या दुकानात येऊन बसल्या, टायरच्या चळतीवरच.

"मला गाडी चालवता येत नाही," त्या म्हणाल्या. "त्यामुळे मला सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. ही चाकं निवडली कुणी?"

हा प्रश्न चाक्या रात्रभर स्वतःला विचारत होता.

"तिघांनी, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना," तो म्हणाला. "दवाखान्याच्या साहेबांना रुंद टायर हवे होते, पहिलवानाच्या छातीसारखे. मी म्हटलं, साहेब, आपल्या डोंगरात चिखल आहे. रुंद टायर चिखलावर तरंगतो आणि घसरतो. अरुंद टायर चिखल कापून खालची टणक जमीन पकडतो. वाळूत चालवायची असती तर मीच रुंद दिले असते. मग म्हणाले, निदान उंच तरी द्या. उंच दिले असते तर वळताना मडगार्डला घासले असते. शेवटी टायर माझ्या म्हणण्यानुसार घेतले. अरुंद, खोल खाचांचे, बाजू जाड असलेले."

"आणि चाकं?"

चाक्या जमिनीकडे बघू लागला. "दाजी म्हणत होते, लोखंडी. लोखंडी चाक दगडावर आपटलं तर वाकतं, ठोकून सरळ करता येतं. अलॉय तडकतं. साहेब म्हणाले, देणगी देणारे पाहुणे येणार आहेत, गाडी उठून दिसली पाहिजे. टायर तुमचे तर चाकं आमची."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"ऐकलं. गिऱ्हाईक कसं तोडणार?" त्याने मान वर केली. "बाई, खरं सांगतो. मला शेवटच्या चाकाचं आठवत नाही. हात आपोआप चालतात हो. फोन खांद्याशी धरला होता, एवढं आठवतं. मी जुने नट लावले असतील असं मला वाटत नाही. पण शपथ घ्या म्हणाल तर..."

"शपथ नको," बाई म्हणाल्या. "पैसे लाटणारा माणूस असं बोलत नाही. पण विसरभोळा माणूस अगदी असंच बोलतो."

चाक्याला यात दिलासा वाटावा की भीती, हेच कळेना.

तिथून दोघं इस्पितळात गेली. बाहेरच्या बाकावर चाक्याची ताई बसली होती, मांडीवर दाजींचा शर्ट. बाईंनी तिला एकच विचारलं, "त्यांनी निघताना चाकं बघितली होती का?"

"रोज बघतात. नट पान्याने ठोकून बघतात, आवाजावरून त्यांना कळतं," ताई म्हणाली. "पण आदल्या दिवशी रजेवर होते. अन् काल उजाडायच्या आत फोन आला, वरच्या वस्तीत कुणाला तरी साप चावलाय म्हणून. तसेच पळाले. वर पोचले, औषध दिलं, आणि उतरताना..." तिने शर्टाची घडी पुन्हा मोडली. मग पहिल्यांदाच भावाकडे पाहिलं. "ते नको नको म्हणत होते ती चाकं. तुला माहीत होतं. तू घातलीस."

"ताई, मी..."

"तू आता जा. मला इथे तुझा आवाज नको."

लहानपणी आई गेल्यावर ताईनेच त्याला वाढवलं होतं. तिने मारलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं.

३

परत येताना चाक्या गाडीत अचानक ओरडला, "पिशवी!"

बाई दचकल्या. त्यांना मुळात गाडीचीच भीती, त्यात चालवणारा ओरडतो म्हणजे कहर.

"जुने नट मी फेकले नव्हते," तो घाईघाईने सांगू लागला. "स्टेपनी जुनी लोखंडीच ठेवलीय, पाचव्या अलॉयचे पैसे मंजूर झाले नाहीत. वाटेत स्टेपनी लावायची वेळ आली तर जुनेच नट लागणार. म्हणून सगळेच्या सगळे पिशवीत घालून, तोंड तारेने आवळून, मागच्या पेटीत ठेवले. दाजींना दाखवलेसुद्धा. मी जर जुने पाच नट लावले असतील, तर पिशवीत पाच कमी असतील!"

मोडक्या गाडीची मागची पेटी पहारेकऱ्याने पहारीने उघडली. व्यवस्थापक शेजारी येऊन उभे राहिले. पिशवी होती. तोंडाशी तार, तारेला चाक्याचा नेहमीचा दुहेरी पीळ, त्यावर धूळ. बाईंनी आधी तिचा फोटो काढला, मग स्वतः तार सोडली आणि एकेक नट बोनेटवर मांडू लागल्या. चाक्या ओठ हलवत मनातल्या मनात मोजत होता.

चार चाकं, प्रत्येकाला पाच. वीस हवेत.

"वीस," बाई म्हणाल्या. "पुरते वीस."

चाक्या दवाखान्याच्या पायरीवर बसला. त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. आपण नव्हे! फोनने घोळ केला नव्हता, हातांनी दगा दिला नव्हता.

"म्हणजे या गाडीचे जुने नट सगळे जागेवर आहेत," बाई सावकाश म्हणाल्या. "मग हा एकविसावा कुठून आला?"

व्यवस्थापकांच्या रुमालाची घडी थांबली. "पैलवानाला विचारायला हवं," ते म्हणाले. "आमचा दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर. नवी चाकं आपल्या गाडीला मिळाली नाहीत म्हणून आठवडाभर फुगून बसला होता. दोन्ही गाड्या एकाच जातीच्या. नवे नट त्यानेच काढून घेतले असतील, आणि आपले जुने इकडे लावले असतील. मत्सर माणसाला काय करायला लावील, सांगता येत नाही."

"आहे कुठे तो?"

"सकाळीच वर गेलाय. एक बाळंतीण आणि तिचं बाळ खाली आणायचंय."

"एकटा?"

"नाही, नर्स आहे ना बरोबर."

चाक्या पायरीवरून उठला. त्या दवाखान्यात नर्स एकच होती. ती त्याची भाची होती, ताईची एकुलती एक मुलगी. वडील इस्पितळात असताना ती आज कामावर गेली असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

४

"बसा," बाई चाक्याला म्हणाल्या. "तो पैलवान गुन्हेगार असेल तर गाडी जपूनच चालवील, स्वतः आत बसलाय. मला आधी एक समजून घेऊ द्या. साहेब, अपघाताआधीचा गाडीचा एखादा फोटो आहे?"

व्यवस्थापक चाचरले. मग फोन काढून पुढे केला. "परवा दुपारचा आहे. पाहुणे आले होते तेव्हाचा."

फोटो झकास होता. दोन्ही गाड्या समोरासमोर, नाकाला नाक लावून. डावीकडे नव्या चाकांची गाडी, तिची उजवी बाजू कॅमेऱ्याकडे. उजवीकडे पैलवानाची गाडी, तिची डावी बाजू कॅमेऱ्याकडे. मागची चाकं पाहुण्यांच्या गर्दीत झाकलेली. मधोमध दोन्ही गाड्यांचं एकेक पुढचं चाक, धुऊन पुसून लख्ख.

बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, आणखी मोठा केला, आणि चाक्यापुढे धरला. "पैलवानाच्या गाडीचं हे चाक कसलं आहे?"

"लोखंडी. रंग नवा दिलाय, पण लोखंडी."

"आणि नट?"

चाक्याने पाहिलं. काळ्या रंगवलेल्या लोखंडी चाकावर पाच नट आरशासारखे चमकत होते.

"माझे आहेत," तो पुटपुटला. "अलॉयचे. पण पैलवानाच्या गाडीला मी हात लावलेला नाही."

"कुणीतरी लावला," बाई म्हणाल्या. "साहेब, चोराने चोरलेले नट पाहुण्यांपुढे मिरवायला ठेवले असते का? आणि चोरायचेच होते तर पाचच का? मागच्या चाकांना का नाही हात लावला? कारण मागची चाकं फोटोत दिसणारच नव्हती. आणि नट घेतले कुठून, तर पहिल्या गाडीच्या डाव्या बाजूने, कारण तीही फोटोत दिसणार नव्हती. इथे मत्सर नाही हो. इथे सजावट आहे. आणि त्या दिवशी सजावटीची काळजी पैलवानाला नव्हती, तुम्हाला होती."

व्यवस्थापकांनी खुर्ची ओढली, पण ते बसले नाहीत. "गंजके दिसत होते हो," ते शेवटी म्हणाले. "एक गाडी नवी नवरी, दुसरी भंगार. मी पैलवानाला म्हटलं, फोटोपुरती अदलाबदल कर, संध्याकाळी परत लाव. मग पाहुणे उशिरा गेले, तो घरी गेला, मी विसरलो. मला काय माहीत नट-नटांत फरक असतो? बसले होते ना घट्ट!"

"आणि आज सकाळी हा काळा नट बघितल्यावर?"

ते हलक्या आवाजात म्हणाले, "घाबरलो."

चाक्याला संताप यायला हवा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. पण त्याचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. तो अजून फोटोकडेच बघत होता.

"साहेब," तो म्हणाला, "पैलवानाच्या गाडीचे नट कुणी परत बदलले का?"

"नाही. पण त्याला कशाला बदलायचे? त्याच्या गाडीला तर नवे आहेत. चांगले आहेत."

"सपाट नट खोलगट भोकात!" चाक्या ओरडला. "तेही तसेच सुटणार! जे काल दाजींचं झालं तेच आज..."

बाईंनी बोनेटवरचे नट दोन्ही हातांनी गोळा करून पिशवीत ओतले आणि पिशवी त्याच्या छातीवर दाबली. "घ्या आणि पळा," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "मीही येते."

५

वर फोन लागत नव्हता. वनखात्याच्या नाक्यावर लागला. तिथला रखवालदार म्हणाला, गाडी वर जाऊन बराच वेळ झाला, आता उतरायला लागली असेल.

चाक्याने आपला छोटा टेम्पो असा काही हाणला की बाईंनी डोळे मिटून घेतले. रस्ता संपला, कच्ची वाट लागली. पहिल्या ओढ्याशी चाक्याने करकचून ब्रेक दाबला आणि उडी मारली. वाटेच्या मधोमध काहीतरी चमकत होतं.

"एक," तो परत येऊन म्हणाला. तो नट त्याच्या मुठीत होता आणि मूठ उघडत नव्हती.

पुढच्या वळणावर दुसरा दिसला. या वेळी तो उतरला नाही.

"पाचांतले तीन राहिलेत," बाई म्हणाल्या. "तिनावर चालतं का?"

"सपाटीवर चाललं असतं."

पुढे चढ होता, सगळा चिखलाचा. टेम्पो अर्ध्यावर गेला, घसरला, तिरका झाला आणि चाकं जागच्या जागी फिरू लागली. गावभर टायर विकणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या टेम्पोचे टायर टकले होते. दिव्याखाली अंधार, दुसरं काय? चाक्याने स्वतःला एक कचकचीत शिवी दिली, पिशवी आणि पाना उचलला आणि वाट सोडून सरळ झाडीतून वर पळत सुटला.

तो काही पळणारा माणूस नव्हता. पोट सुटलेलं, पायांत रबरी चपला. काट्यांनी पोटऱ्या फाडल्या, एक चप्पल मागेच राहिली. वरून गाडीचा आवाज येत होता, पहिल्या गियरमधला, कण्हणारा. त्यातच दुसराही एक आवाज होता, टक, टक, टक, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक. दाजींनी तो काल ऐकला असेल का? पावसाने फुगलेल्या ओढ्याच्या आवाजात बहुधा नसेल ऐकला. भाची एवढीशी होती तेव्हा त्याच्या दुकानातल्या टायरमध्ये लपून बसायची आणि मामाला शोधायला लावायची. देवा, आज सापडू दे.

तो वाटेवर आला तेव्हा गाडी समोरच्या उतारावर होती आणि पुढचं डावं चाक दारू प्यायल्यासारखं झिंगत होतं. डाव्या बाजूला दरी होती.

हात हलवून उपयोग नव्हता. पैलवानाला वाटलं असतं, नर्सचा मामा तिला हात करतोय. चाक्या वाटेच्या मधोमध जाऊन चक्क आडवा झाला.

ब्रेक लागले. गाडी घसरली, खडी उडाली, आणि नाकाशी रबराचा वास आला. त्याने डोळे उघडले तेव्हा बंपर हातभर अंतरावर होता.

"काय डोकं फिरलंय का तुमचं?" पैलवान खिडकीतून ओरडला.

"इंजिन बंद कर! हलू नकोस! सगळ्यांना उजवीकडून उतरव!"

भाचीने आधी बाळाला घेतलं, मग त्याच्या आईला हात दिला. चाक्या चाकाशी गुडघ्यांवर बसला. एकच नट शिल्लक होता, तोही शेवटच्या आट्यावर. त्याने बोट लावलं तर तो आपला आपणच फिरला आणि त्याच्या हातात पडला.

६

पैलवानाला सगळं सांगितलं तेव्हा तो धिप्पाड माणूस दगडावर बसला आणि तोंड झाकून रडू लागला. "मीच बदलले. या हातांनी," तो म्हणत राहिला. "नट बसला म्हणजे बसला, एवढंच मला ठाऊक. तुमच्या दाजींचा पाय मी घेतला हो." चाक्याला त्याचा राग येईना. काल रात्री आपणही असेच बसलो होतो, नुसत्या संशयाने. याला तर संशयाचाही आधार उरला नव्हता.

त्याने जॅक लावला, पिशवीतले काळे निमुळते नट काढले आणि एकेक आवळला, समोरासमोरचे, आळीपाळीने. मग बाकीच्या तिन्ही चाकांना पाना लावून पाहिला. भाची बाळाला खांद्याशी धरून शेजारी उभी होती. तिला एव्हाना सगळं कळलं होतं.

"मामा, आई तुला काय काय बोलली असेल," ती म्हणाली.

"बोलू दे. चाकं मीच घातली होती. नट कुणाचे का असेनात, अलॉय नको हे मला कळत होतं, आणि मी हो म्हटलं."

गाडी त्यानेच चालवत खाली आणली. पैलवानाने स्टिअरिंगला हात लावायला नकार दिला. वाटेत विम्याच्या बाईंना घेतलं. त्या चढावर अडकलेल्या टेम्पोत, काचा बंद करून, ताठ बसून होत्या. गाडीत शिरल्यावर त्यांनी विचारलं, "आता हे चाक निघणार नाही ना?" आणि उत्तर मिळाल्यावरही दाराची कडी सोडली नाही.

नाक्याशी फोनला रेंज आली आणि लगेच वाजला. ताईचा होता. चाक्याने गाडी बाजूला घेतली, पण फोन उचलेना. पाय गेला असेल, हे सांगायलाच तिने केला असेल, असं त्याला वाटलं. भाचीने त्याच्या हातातून फोन घेऊन उचलला.

"आई, मी आहे. ठीक आहे. मामानेच आणलं आम्हाला. नाही, तू आधी बाबांचं सांग."

ती बराच वेळ ऐकत राहिली. मागे बाळ कुरकुरलं आणि गप्प झालं. मग तिने फोन चाक्याच्या कानाला लावला.

पलीकडून ताईचा आवाज आला, घोगरा, थकलेला.

"शुद्धीवर आलेत. पाय राहिला, पण सहा महिने तरी गाडी चालवायला मिळणार नाही. डोळे उघडल्याबरोबर तुझी आठवण काढली."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, मेहुण्याला विचार, आता कोणती चाकं घ्यायची." ती थांबली. "मी म्हटलं, तोच सांगेल. तू ये, आणि सांग त्यांना."

चाक्याला सांगायचं होतं, ताई, लोखंडी. पण त्याने नुसतीच मान हलवली, जणू ती त्याच्या समोर बसली होती.